ऑक्सिजनचं मशीन घेताना आम्ही कुठे फसलो

अण्णांची तीस वर्षं सोलापुरात यंत्रमागावर गेली. सुताचा तूस नाकातोंडात, जोडीला विडी. यंदा थंडीत दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: घरी ऑक्सिजन, मिनिटाला ३ लिटर, बोटाच्या ऑक्सिमीटरवर आकडा ८८ ते ९२ राहिला पाहिजे.

सिलिंडर उचलायला घरात माणूस नाही, म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, "पाच लिटरचं कशाला घेताय? हे सात लिटरचं आहे, शुद्धता ९३ टक्के, आणि किंमत निम्मी." ३२ हजार रोख मोजले. पक्कं बिल मागितलं तर "वर जीएसटी लागेल" म्हणून कच्ची पावती दिली. मशीन मी एका हाताने उचलून दोन जिने चढवलं. शंका तिथंच यायला हवी होती.

रात्री नळी लावली. आकडा ८४. तासाभराने ८५. फोन केला तर दुकानदार म्हणतो, "सातवर करा." केलं, आकडा हलेना. अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढं वाकून बसलेले, ओठ काळसर पडलेले. रात्री दोनला रिक्षा करून पुन्हा दवाखाना गाठला.

नंतर सिलिंडर पुरवणाऱ्या ओळखीच्या माणसाने शुद्धता मोजायचा मीटर आणला. १ लिटरवर ९१ टक्के. ३ लिटरवर ४४. ७ लिटरवर ३१!

त्याने जे समजावलं ते सगळ्यांना माहीत असावं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेल्यात बहुतेक अरगॉन. मशीन ऑक्सिजन तयार करत नाही, हवेतला नायट्रोजन तेवढा बाजूला काढतं. आत झिओलाइटचे बारीक दाणे भरलेली दोन नळकांडी असतात. दाबाखाली हवा आली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे सरकतो. एक नळकांडं नायट्रोजन बाहेर सोडतं तोवर दुसरं कामाला लागतं. ठरावीक वेळाने फुस्स आवाज येतो तो त्याचाच. म्हणजे कॉम्प्रेसर किती हवा दाबतो यावर सगळं. आमच्या मशीनमधून मिनिटाला जेमतेम लिटरभर ऑक्सिजन निघत होता, वरचे लिटर म्हणजे घरातली साधी हवा. खरं पाच लिटरचं मशीन साधारण १४-१५ किलोचं असतं. आमचं सहा किलोचं.

दुकानात गेलो तर त्याने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. बारीक इंग्रजी अक्षरांत तक्ता: १ लिटर, ९० टक्के, ७ लिटर, ३० टक्के. "आम्ही कुठं खोटं बोललो?" आजारी माणसाच्या श्वासावर असा धंदा करताना त्याचा आवाजही बदलला नाही.

म्हणून सांगतो, नुसती शुद्धता विचारू नका. डॉक्टरांनी लिहिलेल्या लिटरवर मशीन लावून पंधरा-वीस मिनिटं चालवायला लावा, मग समोर मीटर धरायला सांगा. ९० च्या आसपास नसेल तर उठून या. आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून लिटर वाढवू नका. अण्णांसारख्या फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाला जास्त ऑक्सिजनही बाधतो, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो.

अण्णा आता भाड्याच्या मशीनवर आहेत, आकडा ९० राहतो. ग्राहक आयोगात जायचं म्हणून परवा ती पावती काढली. तिच्यावर 'मशीन १ नग, ३२०००' एवढंच आहे. दुकानाचं नावसुद्धा नाही.