खर्चाची वही की पाकिटं? बेताच्या पगारात घर चालवताना

पगार बेताचा, घरात दोन मुलं, आणि वीस तारीख उलटली की हात आखडतो. अशा घरासाठी दोन पद्धती आहेत: रोजचा खर्च वहीत लिहायचा, किंवा पगार झाला की रोख काढून किराणा, प्रवास, मुलांचं, औषधपाणी अशी पाकिटं करायची आणि पाकीट रिकामं झालं की तो खर्च थांबवायचा. मी दोन्ही करून पाहिलंय.

वही जुनी आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरखर्चाची खास वही १९०४ साली काढली, ती पद्धत तिथे अजून चालते. वही खर्च थांबवत नाही, दाखवते. म्हणून महिनाअखेरीला दोघांनी बसून पानं उलटली नाहीत, तर नुसतं लिहिणं वाया जातं. आमच्या वहीत एका महिन्यात ‘किरकोळ’ हा शब्द अकरा वेळा होता. त्यातले सात खर्च कशाचे होते, ते दोघांनाही आठवेना. त्या दिवसापासून तो शब्द वहीत लिहायचा नाही असं ठरवलं, आणि गळती तिथेच सापडली.

पाकिटाचं काम वेगळं. नोट हातातून जाताना जाणवते. प्रेलेक आणि सिमेस्टर या अभ्यासकांनी २००१ साली सामन्याच्या तिकिटांवर बोली लावून घेतली, तेव्हा क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे असणाऱ्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होती. ऐपत नसताना कार्ड खिशात ठेवून जमेल, असं मला वाटत नाही.

मला पाकिटं आवडतात ती मात्र दुसऱ्याच कारणाने. आम्ही एक पाकीट हौसेचं ठेवलं. छोटंसंच. पण त्यातला पैसा खर्चायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि कुणी कुणाला हिशेब विचारत नाही. पूर्वी मुलांना प्रत्येक गोष्टीला ‘नको, परवडत नाही’ ऐकावं लागायचं. आता धाकटी स्वतः पाकीट उघडून बघते आणि म्हणते, “या महिन्यात रंगपेटी घेऊ, बाहेर फिरायला पुढच्या महिन्यात.” आईबाप नाही म्हणतात यापेक्षा पाकिटात इतकेच आहेत, हे मुलांना लवकर पटतं. घरातली निम्मी धुसफूस तिथे थांबली.

पाकिटांची अडचणही सांगते. बिलं फोनवरून भरली जातात, ती पाकिटात बसत नाहीत. घरात रोकड ठेवण्याची धास्ती असते. आणि एका पाकिटातून दुसऱ्यात उसने घेण्याची सवय लागली की सगळंच कोसळतं. उसने घेतलेच, तर तेवढ्या रकमेची चिठ्ठी पाकिटात टाका. आठवड्याची पाकिटं करणार असाल तर पगाराचे चार भाग करू नका. वर्षाला ५२ आठवडे म्हणजे महिन्याला सव्वाचारहून थोडे जास्त, त्यामुळे चार भाग केले की शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जातात. पाच भाग करा.

मिळकत दर महिन्याला वेगवेगळी असेल, तर आधी वहीच धरा. वर्षभरातल्या सगळ्यात कमी महिन्याची कमाई हाच आपला पगार समजायचा, वरचा पैसा बाजूला ठेवायचा. पगार ठरलेला आहे पण वीस तारखेलाच संपतो, अशांनी पाकिटं धरावीत. दोघांपैकी एकालाच लिहायची आवड असेल, तरीही पाकिटंच. नाहीतर वही लिहिणारा पोलीस होतो आणि दुसरा चोर.

शाळेची फी, विम्याचा हप्ता हे वर्षातून एकदा येणारे खर्च मात्र दोन्ही पद्धतींतून निसटतात. त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. कार्डाचं थकीत कर्ज असेल, तर त्याचा हप्ता सगळ्याच्या आधी.

मी स्वतः आधी तीन महिने वही लिहिली, मग फक्त जिथे गळती दिसली त्या तीन खर्चांची पाकिटं केली. बाकीचं अजून वहीतच आहे. पहिल्या महिन्याचे आकडे चुकतातच. आमचं प्रवासाचं पाकीट अठरा तारखेलाच रिकामं झालं होतं, पुढच्या महिन्यात ते आम्ही मोठं केलं.