ह्यूस्टन कूगर्सचे सीझन तिकीट: २०२५-२६ साठी घ्यावे का?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे सीझन तिकीट ही अलीकडे डोळे झाकून करायची खरेदी झाली आहे. पैसे उन्हाळ्यात मोजायचे असतात, आणि आपण टाळ्या वाजवणार आहोत त्या मुलांची नावे तोवर बहुतेक संघांच्या प्रशिक्षकांनाही धड पाठ झालेली नसतात. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, हंगामाच्या शेवटी उघडले की खेळाडूंची अशी काही आवकजावक चालते, की गेल्या वर्षी ज्याच्या नावाची जर्सी मुलासाठी विकत घेतली तो यंदा प्रतिस्पर्ध्याच्या बाकावर बसलेला दिसतो. ह्यूस्टन विद्यापीठाच्या पुरुष संघाचे, म्हणजे कूगर्सचे, तिकीट मला या बाबतीत अपवाद वाटते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ते घेण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र वेळापत्रकाकडे पाहता त्यात एक खोट आहे आणि ती पैसे भरण्यापूर्वी समजून घेतलेली बरी.

गेल्या हंगामाची आकडेवारी पाहिली तर तक्रारीला फारशी जागा दिसत नाही. ३५ विजय आणि ५ पराभव, बिग ट्वेल्व्ह परिषदेत, म्हणजे ह्यूस्टन ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या गटात, १९-१, आणि त्या परिषदेची स्पर्धाही खिशात. एनसीएए स्पर्धेच्या, म्हणजे देशपातळीवरच्या कॉलेज अजिंक्यपदाच्या, उपांत्य सामन्यात ड्यूकविरुद्ध दुसऱ्या सत्रात १४ गुणांनी मागे पडूनही ७०-६७ असा विजय मिळाला, आणि ७ एप्रिल २०२५ रोजी सॅन अँटोनियोत अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध १२ गुणांची आघाडी घेऊनही ६३-६५ असा पराभव झाला. शेवटच्या क्षणी इमॅन्युएल शार्प तीन गुणांच्या बास्केटसाठी उडाला, समोरून फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन अंगावर झेपावला, आणि तो फटका अडवला जाणार हे हवेतच कळल्यामुळे शार्पने चेंडू खाली सोडून दिला. चेंडू पुन्हा पहिल्यांदा त्यालाच लागला असता तर स्टेप्सचा, म्हणजे चेंडू घेऊन चालण्याचा, नियमभंग ठरला असता, म्हणून तो चेंडूपासून हातभर अंतरावर हात आखडून उभा राहिला आणि वेळ संपली. शेवटच्या खेपेत बास्केटकडे एक फटकासुद्धा मारता आला नाही. सात वेळा अंतिम चारांत पोहोचूनही विजेतेपद न मिळालेला हा संघ आहे. १९८३, १९८४ आणि आता २०२५, असे तीन अंतिम सामने त्याने गमावले आहेत.

अशा पराभवानंतर संघ फुटतात. इथे मात्र तोच शार्प परत आला आहे, आणि या उन्हाळ्यातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना हीच आहे. चेंडू हाताळून खेळ रचणारा पॉइंट गार्ड मिलोस उझान याने एनबीएच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीसाठी, नाव दिले होते, ते मागे घेऊन तोही परतला. जोसेफ टगलर राहिला. म्हणजे अंतिम सामन्यात सुरुवातीला उतरलेल्या पाचांपैकी तिघे यंदाही आहेत. गेले ते एल. जे. क्रायर आणि जे'वॉन रॉबर्ट्स, आणि त्यांची उणीव लहान नाही. क्रायर संघाचा सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता. सामना अडला की चेंडू त्याच्याकडे जायचा. रॉबर्ट्स सहा वर्षे याच विद्यापीठात होता, आणि नव्या मुलांना मैदानावर ओरडून जागेवर उभे करणारा माणूस म्हणून त्याची किंमत आकड्यांत कधीच नीट उतरली नाही.

त्यांच्या जागी पोर्टलमधून तयार खेळाडूंची फौज आणण्याऐवजी प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांनी भर दिला आहे तो शाळेतून थेट येणाऱ्या तीन मुलांवर: न्यू ऑर्लिन्सचा, उंचीने सात फुटांना टेकलेला ख्रिस सेनॅक, आयडाहोचा आयझाया हारवेल आणि सॅन अँटोनियोचा किंग्स्टन फ्लेमिंग्ज. पोर्टलची खरेदी मोजकी आहे. सॅम ह्यूस्टन स्टेटमधून आलेला उंचापुरा कलिफा साखो त्यात धरावा. एपी वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत पर्ड्यूपाठोपाठ ह्यूस्टनला दुसरे स्थान मिळाले आहे. त्या स्थानाबद्दल माझा आक्षेप नाही. पण सेनॅक नोव्हेंबरपासूनच सामने जिंकून देईल अशा समजुतीने कोणी तिकीट घेत असेल, तर त्याने थोडा धीर धरावा. सॅम्पसन यांच्या पद्धतीत नवख्या मुलाला आधी बचाव शिकावा लागतो, आणि तो शिकेपर्यंत नावाजलेला खेळाडूही बाकावर बसतो. फ्लेमिंग्ज मात्र उझानच्या जोडीला लवकर उभा राहील, असा माझा अंदाज आहे. चेंडू हाताळणारे दोघे एकाच वेळी मैदानावर असणे ही गेल्या एप्रिलच्या शेवटच्या दोन मिनिटांनी दाखवून दिलेली गरज आहे.

तिकिटाच्या पैशांत मिळते ती मुख्यतः ही पद्धत. सॅम्पसन २०१४ मध्ये आले तेव्हाचा पहिला हंगाम १३-१९ असा गेला होता; त्याआधी जवळजवळ दोन दशकांत संघ एनसीएए स्पर्धेत एकदाच पोहोचला होता. २०२५ पर्यंतच्या सलग सहा स्पर्धांत तो अंतिम सोळांत पोहोचला. सरावात बास्केटच्या कड्यावर प्लास्टिकचे झाकण बसवतात, त्यामुळे मारलेला प्रत्येक चेंडू बाहेरच उसळतो आणि मुले एकमेकांना रेटत, धक्के देत त्यासाठी झुंजतात. सामन्यात झाकण नसते, पण झुंज तशीच असते. प्रतिस्पर्ध्याचा गार्ड स्क्रीनचा, म्हणजे वाटेत उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याचा, आडोसा घेऊन वळला की ह्यूस्टनचे दोन खेळाडू एकदम त्याच्या अंगावर जातात, आणि उरलेले तिघे मिळून चौघांना सांभाळतात. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे त्या तिघांची धावपळ पडद्यावर निम्मीच दिसते. सभागृहात ती पूर्ण दिसते: पास सुटण्याआधीच टगलर तिरका सरकलेला असतो, आणि ६ फूट ८ इंच उंचीच्या या माणसाच्या पसरलेल्या हातांची लांबी साडेसात फुटांच्या आसपास असल्यामुळे मोकळी वाटणारी वाट अचानक बंद होते. यासाठीच माझी शिफारस मैदानालगतच्या महाग खुर्च्यांची नाही. लांबीच्या बाजूला, मधल्या रेषेच्या आसपास, जरा उंचावरच्या रांगा घ्याव्यात. बचावाचा आकार तिथूनच कळतो.

आता कूगर्सच्या घरच्या सभागृहाबद्दल, म्हणजे फर्टिटा सेंटरबद्दल, थोडक्यात. १९६९ मध्ये बांधलेल्या हॉफहाइन्झ पॅव्हिलियनचे सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये हे सभागृह नव्या नावाने उघडले. क्षमता अवघी ७,१०० आहे. याच विद्यापीठाने १९६८ मध्ये अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ५२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर यूसीएलएला ७१-६९ असे हरवले होते, हे लक्षात घेतले तर आकडा फारच तोकडा वाटेल. पण छोटेपणा हाच या जागेचा गुण आहे. मैदान खोलात, चहूबाजूंनी खुर्च्या उतरत्या, आणि आवाज बाहेर जायला वाव नाही, अशी रचना असल्याने सामना रंगात आला की शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. तान्ह्या मुलांना घेऊन जाणार असाल तर कानांवर लावायची साधने बरोबर ठेवावीत. शुगर लँड किंवा केटी या उपनगरांकडून येणाऱ्या मराठी कुटुंबांना कामाच्या दिवशी संध्याकाळच्या वाहतुकीतून सामना गाठणे जिकिरीचे जाते. गाडी शहराच्या मध्यभागी लावून मेट्रोरेलच्या जांभळ्या मार्गाने विद्यापीठात जाणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय आहे.

आता ती खोट. बिग ट्वेल्व्हने यंदा परिषदेतले सामने २० वरून १८ वर आणले आहेत, म्हणजे घरच्या मैदानावर दहाऐवजी नऊच मोठे सामने होतील. परिषदेबाहेरच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी जे खरोखर पाहण्यासारखे आहेत ते ह्यूस्टनच्या या सभागृहात येतच नाहीत: ऑबर्नशी गाठ अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये पडेल, आणि नोव्हेंबरअखेरीस संघ लास वेगसच्या स्पर्धेत असेल, कारण अशा स्पर्धांत खेळाडूंच्या मानधनासाठी मोठा पैसा मिळतो. यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत, आणि तो पैसा कुठूनतरी उभा करावाच लागतो. पण त्याचा भार सीझन तिकीटधारकावर दोन्हीकडून पडतो. चांगल्या जागा क्रीडानिधीला देणगी देणाऱ्यांना आधी मिळतात, आणि त्या जागेवर बसून डिसेंबरात पाहायला मिळतात ते बहुतेक एकतर्फी सामने. लेहाय विद्यापीठाविरुद्धच्या पहिल्या सामन्याला मी आनंदाने जाईन. परंतु अशा सामन्यांना संपूर्ण तिकिटाच्या किमतीत बरोबरीचा वाटा देणे मला पटत नाही.

सॅम्पसन ऑक्टोबर २०२५ मध्ये सत्तर वर्षांचे झाले. त्यांचा मुलगा केलन हा त्यांचा सहायक असून उत्तराधिकारी म्हणून त्याचे नाव आधीच जाहीर झालेले आहे, त्यामुळे पद्धत एका रात्रीत बदलण्याची भीती मला वाटत नाही. तरीही हा प्रशिक्षक बाही सरसावून रेषेवर उभा असताना त्याचा संघ पाहण्याची संधी फार वर्षे मिळणार नाही, हाही खरेदीच्या बाजूचा एक मुद्दा आहे.

ज्यांना दर आठवड्याला जाणे शक्य आहे आणि ज्यांना ६०-५५ असा सामनासुद्धा रुचतो, त्यांनी पूर्ण हंगामाचे तिकीट घ्यावे. ज्यांना धावांच्या पावसासारखे गुण हवेत, त्यांनी जानेवारी आणि फेब्रुवारीतले दोन-तीन परिषदीय सामने सुटे निवडावेत. किंमत प्रतिस्पर्ध्यानुसार चढते, म्हणून शक्य तितके आधी. गेल्या वर्षी परिषदेतला एकमेव पराभव टेक्सस टेककडून याच सभागृहात, जादा वेळेत, ८१-८२ असा झाला होता, तेव्हा त्या संघाविरुद्धचा सामना माझ्या यादीत पहिला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एनसीएए स्पर्धेच्या दक्षिण विभागाचे सामने २६ आणि २८ मार्च २०२६ रोजी ह्यूस्टनमध्येच, टोयोटा सेंटरमध्ये आहेत. कूगर्स तिथे पोहोचले तर शहरात तिकिटांसाठी झुंबड उडेल, आणि त्या सामन्यांचा सीझन तिकिटात समावेश नाही.