रोहित्राची तेलगाळणी आणि वार्षिक तपासणी: एका बेदाणा शीतगृहाचा अनुभव

तासगाव पट्ट्यातील आमच्या बेदाणा शीतगृहात २०० केव्हीए क्षमतेचे, ११ केव्ही/४३३ व्होल्टचे स्वतःचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आहे. उन्हाळ्यात भरलेला शेतकऱ्यांचा माल कित्येक महिने खोल्यांत असल्यामुळे रोहित्राच्या देखभालीत हयगय परवडत नाही. आधीचा ठेकेदार दरवर्षी तेलाची पातळी भरून, हवेतील ओलावा शोषणारे सिलिका जेल बदलून ‘सर्व ठीक’ असा शेरा देत असे. अहवालात एकही आकडा नसे. म्हणून या वेळी सांगलीच्या दुसऱ्या परवानाधारक ठेकेदाराला काम दिले.

त्यांची माणसे शटडाऊनच्या आदल्या दिवशीच, कॉम्प्रेसर पूर्ण भारावर असताना, थर्मल कॅमेरा घेऊन आली. एलटी (कमी दाबाच्या, ४३३ व्होल्टच्या) बाजूचे बी फेजचे टर्मिनल ९४ अंशांवर आणि उरलेली दोन ५५ च्या आसपास आढळली. सैल सांधा भार असतानाच तापतो, त्यामुळे वीज बंद केल्यावर हा दोष कॅमेऱ्याला दिसलाच नसता. उघडल्यावर ॲल्युमिनियमचा लग (केबलच्या टोकाचा जोड) थेट तांब्याच्या टर्मिनलवर आवळलेला निघाला. दोन धातूंचा असा थेट सांधा कालांतराने खराब होतो, म्हणून तेथे दोन्ही धातूंचा बायमेटल लग बसवला.

खोल्या थंड ठेवण्यासाठी शटडाऊनमध्ये आमचा जनरेटर चालू राहणार होता. चेंजओव्हर (जनरेटर आणि रोहित्र यांच्यातील अदलाबदलीचा स्विच) चुकला तर एलटीकडून उलटा पुरवठा जाऊन एचटी (उच्च दाबाच्या) बाजूच्या टर्मिनलवर, म्हणजे बुशिंगवर, ११ केव्ही उभे राहू शकते. हे ओळखून त्यांनी एलटी केबलच सोडवली, दोन्ही बाजूंना अर्थिंग केले आणि मगच माणूस वर चढवला. या शिस्तीबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

तळाच्या व्हॉल्व्हमधून थोडे तेल वाहू देऊन कोरड्या बाटलीत नमुना घेतला. २.५ मिलिमीटर अंतरावर सहा वेळा घेतलेल्या बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सहन करते ते पाहणाऱ्या) चाचणीची सरासरी २३ केव्ही आली; वापरातील अशा रोहित्रासाठी ती किमान ३० हवी. निर्वात गाळणी यंत्रातून साधारण ६० अंशांवर सहा तास तेल फिरवल्यानंतर ती ५६ झाली. एवढ्यावर काम थांबले असते तर पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा तेथेच आलो असतो. भार उतरला की तेल थंड होऊन आकसते आणि कन्झर्व्हेटर (रोहित्रावरची तेलाची छोटी टाकी) बाहेरची हवा ओढतो. ही हवा जेलमधून आत घेणाऱ्या आमच्या ब्रीदरच्या तळाच्या वाटीत तेलच नव्हते, आणि वरच्या नळीचे गॅस्केट तडकल्यामुळे दमट हवा जेलला वळसा घालून थेट आत जात होती. ओलाव्याने जेल गुलाबी झाले की आम्ही फक्त ते बदलत राहिलो होतो. गॅस्केट नवे बसले, वाटी भरली, आणि दोन महिन्यांनंतरही जेल निळे आहे.

उणिवाही नोंदवायला हव्यात. अहवाल बारा दिवस उशिरा आला. मेगरची (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राची) फक्त एक मिनिटाची वाचने दिली. दहा मिनिटांचे वाचन नसल्यामुळे ध्रुवीकरण निर्देशांक (दहा आणि एक मिनिटाच्या वाचनांचे गुणोत्तर) काढता येत नाही. त्याहून गंभीर म्हणजे वाचनांसमोर तेलाचे तापमान लिहिलेले नव्हते. तापमान वाढते तसा इन्सुलेशनचा रोध घटतो, त्यामुळे तापमानाविना पुढच्या वर्षीची तुलना व्यर्थ ठरते. विचारल्यावर त्यांनी आपल्या वहीतून ४१ अंश हा आकडा कळवला. तो मी अहवालाच्या समासात लिहून ठेवला आहे, आणि पुढच्या नमुन्यासाठी याच ठेकेदाराला मे महिन्यातील तारीख दिली आहे.