चाकांशिवायची बॅग: सोलापुरात शिवून घेतलेल्या डायव्हिंग बॅगेचा आढावा

बॅग विकत घेण्याआधी ती रिकामीच काट्यावर ठेवावी. चाकं, ओढायची दांडी आणि प्लॅस्टिकचा कडक तळ असलेली तयार डायव्हिंग बॅग सहज चार किलो भरते. देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो चेक-इन सामान मिळतं. म्हणजे पाव भागाहून जास्त वजन नुसत्या बॅगेनेच खाल्लं. म्हणून सोलापुरातल्या बॅग शिवणाऱ्याकडून बनवून घेतलेली, चाकं नसलेली बॅग हा पर्याय तपासून पाहण्यासारखा आहे. शाळेच्या गणवेशांपासून दप्तरांपर्यंत शिलाईचं काम या शहराच्या हातात बसलेलं आहे. कारागिराला फक्त समुद्र माहीत नसतो, तेवढं आपण सांगायचं.

या बॅगेचं माप ७० बाय ३५ बाय ३० सेंटीमीटर. तिन्हींची बेरीज १३५. चेक-इनसाठी सर्रास लावली जाणारी मर्यादा १५८ सेंटीमीटर, त्यामुळे काउंटरवर टेप काढला तरी चिंता नाही. लांबी ७० का, तर पोहताना पायात घालायचे उघड्या टाचेचे फिन साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर असतात. ते तिरके घातले की पातं वाकतं, आणि चार-सहा तास वाकून राहिलेलं पातं पाण्यात एका बाजूला ओढतं. रिकाम्या बॅगेचं वजन दीड किलो.

आता शिवणकाम. कापड १००० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), आतून कोटिंग केलेलं. हे उत्तम. दप्तराची नेहमीची मॅटी स्वस्त पडते, पण फिनच्या कडांपुढे ती टिकत नाही. दोरा पॉलिस्टरचाच हवा. सुती दोरा खाऱ्या पाण्याने कुजतो आणि शिवण उसवायला लागते ती नेमकी तळाला. चेन १० नंबरची नायलॉन कॉइल. धातूच्या दातांची चेन दिसायला दणकट असते, पण एकदा मीठ बसलं की रनर जागचा हलत नाही. पट्टा बॅगेच्या तळाखालून पूर्ण गोल फिरवून घेतला आहे, हे या कामातलं सगळ्यात चांगलं. हँडल नुसतं वरच्या कापडाला टाचलं असतं, तर सामान चढवणाऱ्याच्या पहिल्या हिसक्यालाच हातात आलं असतं.

दोन गोष्टी फसल्या आहेत. पाणी निथळायला तळाला चार आयलेट, म्हणजे भोकाभोवतीच्या धातूच्या कड्या, मारलेत, ते लोखंडाचे, वर नुसता मुलामा. पहिल्याच खाऱ्या पाण्यात गंजाचे तांबडे ओघळ आले. पितळेचे आयलेट मागायला हवे होते. दुसरं, तळाच्या कडेला शोभेची पायपिंग आहे. बॅग फरशीवरून ओढली जाते तेव्हा पहिली तीच घासते आणि फाटते. तिथे पायपिंगऐवजी जाड नायलॉन पट्टी दुमडून शिवायला सांगावं.

चाकं नाहीत हा तोटा आहेच, तो लपवायचा नाही. बारा किलोची बॅग खांद्यावर घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा डबा शोधत प्लॅटफॉर्मभर फिरणं सगळ्यांना जमेल असं नाही. पाठीचा त्रास असणाऱ्याने चाकांचीच घ्यावी आणि कपडे कमी करावेत.

भरण्याचा क्रम असा. फिन आधी, दोन लांब बाजूंना उभे, पाती बाहेरच्या अंगाला. फिनच्या पायाच्या खोबणीत बूट कोंबायचे. जागाही वाचते आणि रबर दबून आकार बिघडत नाही. मधल्या पोकळीत बीसीडी, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळायचं जाकीट. त्यातली हवा पूर्ण काढून, सिलिंडरचा पट्टा बंद करून, हवा भरायची इन्फ्लेटरची नळी आत वळवून ठेवायची. बीसीडीचा नाजूक भाग म्हणजे खांद्याजवळचा नळीचा कोपरा. वरून दाब आला की तो तडकतो, म्हणून तो कधीही बॅगेच्या भिंतीला टेकू द्यायचा नाही. वेटसूटची गुंडाळी करायची, घडी नाही. निओप्रीनवर, म्हणजे सूटच्या फुगीर रबरावर, घडी पडली की तिथले हवेचे बुडबुडे कायमचे चेपतात आणि त्या रेषेत सूट थंडी अडवत नाही. मास्क कडक डबीतच. पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या रबराला टेकून राहिला की पिवळट पडतो, आणि तो डाग निघत नाही.

भरावासाठी सोलापुरी टर्किश टॉवेल. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या टॉवेलचा असा उपयोग विणकरांच्या डोक्यात नसेल, पण फोमच्या तुकड्यांपेक्षा तो खरोखर सरस आहे. वाट्याला येणारा धक्का खातो, वाटेत गळलेलं पाणी पितो आणि बोटीवर अंग पुसायला कामाला येतो. मोठे दोन टॉवेल मिळून साधारण ८०० ग्रॅम. सोलापूरच्या पूर्व भागात कडेचा धागा सुटलेला सेकंडचा माल मिळाला तरी चालतो. सोलापुरी चादर मात्र नेऊ नये. ती एकटीच किलोच्या वर जाते आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत भिजली तर दोन दिवस वाळत नाही.

काट्यावरचा हिशेब: बीसीडी ३.२ किलो, फिन २, बूट ०.९, तीन मिलिमीटरचा वेटसूट १.७, मास्क आणि स्नॉर्कल डबीसह ०.७, पाण्यावर खुणेसाठी सोडायचा फुगा (सिग्नल बॉय) आणि त्याच्या दोरीचं रीळ ०.६, सुरी ०.२, टॉवेल ०.८. बेरीज १०.१. या बॅगेसह ११.६, म्हणजे कपड्यांना ३.४ किलो उरतात. चार किलोच्या चाकांच्या बॅगेत हेच सामान १४.१ वर जातं आणि कपड्यांना ९०० ग्रॅम. सुरी म्यानात, टोकाला कापड गुंडाळून, चेक-इनमध्येच. शिशाची वजनं आणि सिलिंडर घरून नेण्यात काही अर्थ नाही, दोन्ही डायव्ह सेंटरवर मिळतात.

सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारा रेग्युलेटर या बॅगेत घालायचा नाही, बॅग कितीही चांगली शिवलेली असो. श्वास ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू हातातल्या सामानात. फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागावर, धुळीची टोपी कोरडी करून घट्ट बसवायची, आत पाण्याचा थेंब राहिला तर फिल्टरला गंज धरतो. नळ्यांचं वेटोळं जेवणाच्या ताटाएवढं, त्याहून लहान नको. नळी फाटते ती मधे नव्हे, धातूच्या जोडाला लागून, जिथे तिला जबरदस्तीने वळवलेलं असतं. एक्स-रेवर हा सगळा गुंता संशयास्पद दिसतो, त्यामुळे तो पिशवीत सगळ्यात वर ठेवावा आणि विचारलं तर ‘पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र’ एवढं सरळ सांगावं. सोबत डायव्हिंगचं कार्ड दाखवलं की प्रश्न लवकर मिटतात.

बॅटऱ्यांचा नियम काटेकोर आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, फक्त हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून किंवा डबीत. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. डायव्हिंग टॉर्चमधली ५००० एमएएचची, ‘२१७००’ आकाराची बॅटरी ३.६ व्होल्टने गुणली की १८ वॉट-तास, म्हणजे मर्यादेच्या खूप खाली. तरी टॉर्चमधून बॅटरी काढूनच ठेवायची. हे टॉर्च पाण्याने थंड राहतात. पिशवीत चुकून चालू झाला तर कापड जाळण्याइतका तापतो. त्यामुळे मोठ्या टॉर्चबद्दल विमान कंपनीला आधीच विचारलेलं बरं.

सोलापूर–गोवा विमानसेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली, ती एटीआर ७२ विमानाने. त्याचे डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा लहान असतात. चाकांची केबिन बॅग असेल तर ती विमानाच्या दारातच खाली पाठवायला सांगू शकतात. तशी वेळ आली तर बॅटऱ्या काढून खिशात घ्यायच्या. म्हणून रेग्युलेटर मऊ पिशवीत असलेला बरा, ती सीटखाली सरकते.

कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे पाण्याखाली वापरायचं त्याचं कवच, कधीही बंद करून उडवू नये. उडताना केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका उतरतो. जमिनीवर बंद केलेल्या हाउसिंगमधली हवा मग आतून बाहेर ढकलते, आणि हाउसिंग बनवलेलं असतं बाहेरून येणारा दाब सोसण्यासाठी. झाकणातली पाणी अडवणारी रबरी कडी (ओ-रिंग) काढून छोट्या पिशवीत, झाकण नुसतं टेकवलेलं. टॉर्चचं झाकणही दोन आटे सैल.

परतीचं वजन जास्त भरतं, कारण ओलसर वेटसूट आणि बूट मिळून एखादा किलो सहज वाढतो. इथे डायव्हिंगचा नियमच मदतीला येतो. एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झालं असेल, तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास उडायचं नाही. एकच, आणि डीकॉम्प्रेशन (वर येताना मधे सक्तीने थांबणं) न लागणारी डाइव्ह असेल तर १२ तास. हेच तास वाळवणीचे. गोड्या पाण्याने धुणंही तिथेच, डायव्ह सेंटरच्या टाकीत, उरकून घ्यावं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. घरी येऊन बीसीडीला बादलीभर पाणी पाजणं घरच्यांना पटणार नाही.

सोलापूरच्या उन्हात काहीही तासाभरात वाळतं, आणि धोका तोच आहे. निओप्रीन, सिलिकॉन आणि रबर सावलीतच वाळवायचं, मे महिन्यात तर गच्चीवर न्यायचंच नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅग विसरली तर फिन वाकडे होऊन निघतात.

बॅग स्वतः उलटी करून धुवायची, चेनीच्या दोन्ही बाजूंनी जुना टूथब्रश फिरवायचा आणि चेन उघडी ठेवून टांगायची. पूर्ण वाळल्यावर दातांवर पांढरी मेणबत्ती घासून रनर चार-पाच वेळा मागेपुढे न्यायचा. तेल लावू नये, त्याला वाळू चिकटते.