उजळणीसाठी ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ : मराठी माध्यमातून आलेल्यांच्या दृष्टीने

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजी वाचता येणाऱ्या पण बोलताना अडखळणाऱ्या प्रौढांच्या एका लहान गटाची उजळणी मी गेली दोन वर्षे घेत आहे. त्यासाठी मी रेमंड मर्फी यांचे केंब्रिजने काढलेले ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे पुस्तक वापरतो. १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची २०१९ची पाचवी आवृत्ती माझ्यासमोर आहे.

पुस्तकात १४५ पाठ आहेत आणि प्रत्येक पाठ समोरासमोरच्या दोन पानांत संपतो : डावीकडे स्पष्टीकरण, उजवीकडे स्वाध्याय. दिवसभराचे काम आटोपून आलेल्या माणसाला तासाभरात एक विषय पुरा झाल्याचे समाधान मिळते, आणि उजळणीत हे समाधान फार मोलाचे असते. हे पुस्तक पहिल्या पाठापासून ओळीने करू नये. शेवटी दिलेल्या प्रश्नसंचातून कोणते पाठ कच्चे आहेत ते आधी शोधावे आणि तेवढेच घ्यावेत.

आमच्या गटात सर्वाधिक वेळ ११ आणि १२ या पाठांवर गेला. ‘मी इथे दोन वर्षांपासून काम करतो’ हे वाक्य मनात ठेवून जवळजवळ प्रत्येकजण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असे म्हणतो. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आलेल्या आहेत. काम अजून चालू असल्यामुळे मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, तर इंग्रजी त्याच कामाकडे सुरुवातीपासून आतापर्यंतचा अवधी म्हणून पाहते आणि ‘हॅव बीन वर्किंग’ म्हणते. शिवाय ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हींना आपल्याकडे एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि अवधीच्या लांबीसाठी ‘फॉर’ लागतो. मर्फी हा फरक नेमक्या उदाहरणांनी दाखवतात, परंतु पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने चूक कोठून येते हे ते सांगू शकत नाहीत. ते शिक्षकाने सांगायला हवे, आणि एकदा सांगितले की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा नाहीसा होतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

‘मी हा चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. म्हणूनच ‘आय हॅव सीन इट लास्ट इयर’ ही चूक इतकी चिवट असते. इथेही मूळ वाक्य शेजारी लिहून घेतल्याशिवाय नुसता नियम टिकत नाही.

कधीकधी मराठी मदतीलाही येते. १२१व्या पाठात वेळेसाठी ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ दिले आहेत. त्या पानाच्या समासात ‘पाच वाजता, सोमवारी, जूनमध्ये’ एवढेच लिहिले की जोड्या आपोआप लागतात. उपपदांचे (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) पाठही उत्तम आहेत, मात्र मराठीत उपपदे नसल्याने त्यांना इतरांपेक्षा दुप्पट वेळ द्यावा.

पुस्तकाची मर्यादा स्वाध्यायांत आहे. ते बहुतांशी गाळलेल्या जागा भरण्याचे असल्यामुळे कागदावर सर्व उत्तरे बरोबर येतात आणि पाच मिनिटांनी बोलताना तीच चूक पुन्हा होते. म्हणून मी प्रत्येक पाठानंतर प्रत्येकाला स्वतःच्या कामाविषयी तीन वाक्ये मोठ्याने बोलायला लावतो.

शब्दसंग्रह हा या पुस्तकाचा विषय नाही. त्यासाठी याच मांडणीचे ‘इंग्लिश व्होकॅब्युलरी इन यूज’ जोडीला घ्यावे. ‘चूक करणे’ आणि ‘गृहपाठ करणे’ यांत आपले क्रियापद एकच असले तरी इंग्रजीत एकीकडे ‘मेक’ आणि दुसरीकडे ‘डू’ येतो. ‘परीक्षा देणे’ यावरून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ म्हणण्याची सवयही अशीच आहे. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा अशा जोड्या वहीत लिहिण्याचा अधिक उपयोग होतो.

स्वतः अभ्यास करणाऱ्यांनी उत्तरे असलेलीच आवृत्ती घ्यावी, कारण उत्तरांशिवायचीही आवृत्ती मिळते आणि घाईत ती हाती पडू शकते. उत्तरे पेन्सिलीने लिहावीत, म्हणजे तीन आठवड्यांनी ती पुसून तोच पाठ पुन्हा सोडवता येतो.