रिफंड अडकलाय: थांबावं, रिटर्न सुधारावं, दुरुस्ती मागावी की तक्रार करावी?

आयकराचा रिफंड आला नाही की बहुतेक जण सगळ्यात आधी तक्रार नोंदवतात, आणि ती बहुधा वाया जाते. रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती, सुधारित रिटर्न, रेक्टिफिकेशन (विभागाच्या आदेशातली चूक दुरुस्त करून मागणं), अपील आणि तक्रार या वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळ्या अडचणीवर होतो. चुकीची वाट धरली तर पैसे लांबतातच, शिवाय तेवढ्या वेळात बरोबर वाटेची मुदत निघून जाऊ शकते. मला दुसरा धोका मोठा वाटतो. उशिरा आलेल्या रिफंडवर व्याज मिळतं, हुकलेल्या मुदतीची भरपाई कुणी देत नाही.

इथल्या तारखा आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नच्या आहेत. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख असली तरी या वर्षाचं प्रकरण १९६१ च्या कायद्यानेच चालतं, म्हणून कलमांचे जुने क्रमांक दिले आहेत.

आधी स्टेटस बघा

आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून आपल्या रिटर्नपुढे काय लिहिलंय ते वाचा. व्हेरिफिकेशनच बाकी असेल तर बाकी सगळं सोडा आणि ते आधी करा. १ ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी ३० दिवसच मिळतात. ते उलटून गेल्यावर व्हेरिफाय केलंत तर त्या दिवशी रिटर्न भरलं असं धरलं जातं. मूळ रिटर्न वेळेत भरलेलं असलं तरी ते उशिराचं ठरू शकतं, आणि पगारदारांच्या हातून जुनी करप्रणाली जाते.

‘डिफेक्टिव्ह’ असं दिसत असेल तर कलम १३९(९) ची नोटीस आलेली असते. उत्तराला १५ दिवस असतात. उत्तर गेलं नाही तर रिटर्न अवैध ठरू शकतं, तेव्हा ही नोटीस बाजूला ठेवू नका. पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर पॅन निष्क्रिय राहतो. तशा पॅनवर रिफंड निघत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही.

रिफंड फेल्ड: सुधारित रिटर्न नको

रिटर्न प्रोसेस झालं, रिफंड मंजूर झाला, पण बँकेने परत पाठवला, असं असेल तर आकड्यांत काहीच चुकलेलं नसतं. तरीही खातं बदललं म्हणून सुधारित रिटर्न भरणारे लोक आहेत. त्याने काम होत नाही, उलट रिटर्न पुन्हा रांगेत जातं. पोर्टलवर बँक खातं प्री-व्हॅलिडेट करून, म्हणजे ते आपलंच असल्याची आधी खात्री करून घेऊन, रिफंड रीइश्यूची विनंती टाकायची, बस्स.

प्री-व्हॅलिडेशन नामंजूर होण्याची दोन कारणं आपल्याकडे फार दिसतात. एक म्हणजे पॅनवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं. दुसरं, विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी कोड. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, पण जुनी पासबुकं अजून घरात आहेत. नाव दोन्हीकडे एकसारखं करून घेणं कटकटीचं असलं तरी एकदाच करावं लागतं. ‘रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा’ असा एसएमएस आला तर त्यातली लिंक कधीच उघडू नका, थेट पोर्टलवर जा.

सुधारित रिटर्न की रेक्टिफिकेशन?

खरा घोळ इथे होतो. निर्णयाची कसोटी साधी आहे: चूक कुणाची?

चूक तुमच्या रिटर्नमध्ये असेल, म्हणजे मुदत ठेवीचं व्याज राहिलं, एखादी वजावट घ्यायची विसरली किंवा जास्त घेतली गेली, तर सुधारित रिटर्न, कलम १३९(५). या वर्षासाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. कलम १४३(१) चं इंटिमेशन, म्हणजे रिटर्न प्रोसेस झाल्याची सूचना, आल्यावर आता सुधारता येत नाही, असं अनेकांना वाटतं. मुदत शिल्लक असेल आणि छाननी पूर्ण झालेली नसेल तर सुधारता येतं.

तुमचं रिटर्न बरोबर होतं आणि बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राने, म्हणजे सीपीसीने, टीडीएस (तुमच्या उत्पन्नातून आधीच कापलेला कर) धरला नाही किंवा हिशेब चुकवला, तर कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन. ज्या आर्थिक वर्षात तो आदेश निघाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत ते मागता येतं, आणि विभागाने अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निकाल द्यायचा असतो. पोर्टलवर रिटर्न पुन्हा प्रोसेस करणे, करजमेतली तफावत दुरुस्त करणे आणि रिटर्नमधली माहिती दुरुस्त करणे असे पर्याय दिसतात. टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, उशिरा दिसू लागला असेल आणि रिटर्नमध्ये तुम्ही तो लिहिलेला असेल, तर पहिला पर्याय पुरतो. मात्र मुळात न मागितलेली नवी वजावट रेक्टिफिकेशनमधून मिळवायला जाऊ नका, ते त्याचं काम नाही.

थकबाकी मिळणाऱ्या शिक्षक आणि कर्मचाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते हातात आले की त्या वर्षाचा कर फुगतो, आणि कलम ८९ ची सवलत घेतली जाते. पण फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरलेला नसेल तर सीपीसी ती सवलत नाकारते आणि रिफंडच्या जागी कराची मागणी निघते. इथे विभागाशी भांडण्याआधी १०ई भरा. सुधारणेची मुदत शिल्लक असेल तर त्यानंतर सुधारित रिटर्न द्या.

कंपनीने टीडीएस कापला पण भरलाच नाही, किंवा चुकीच्या पॅनवर भरला, तर वरच्या कोणत्याच वाटेने तो २६एएसमध्ये येणार नाही. दुरुस्ती कंपनीलाच करावी लागते, तिच्या टीडीएस विवरणात. तिच्या लेखा विभागाला लेखी कळवा आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करायला कलम २०५ मनाई करतं, पण ते सिद्ध करायला कागद लागतात.

थांबणं आणि तक्रार करणं

सगळं बरोबर आहे आणि रिटर्न नुसतं प्रोसेस व्हायचं आहे, अशा वेळी काय? कायद्याने विभागाला रिटर्न भरलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून नऊ महिने दिले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. ही मुदत फार लांब आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा घरखर्च त्या पैशांवर अवलंबून आहे त्याला व्याजाचं समाधान पुरत नाही.

तरी व्याजाचा हिशेब माहीत असावा. रिटर्न वेळेत भरलं असेल तर टीडीएसच्या रिफंडवर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का, आणि अपुरा महिनाही पूर्ण धरतात. ४०,००० रुपयांचा रिफंड जानेवारी २०२६ मध्ये निघाला तर दहा महिन्यांचे २,००० रुपये. रिटर्न उशिरा भरलं असेल तर मोजणी भरल्याच्या तारखेपासून. रिफंड ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. आणि मिळालेलं व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

तक्रारीने फाइल हलते, पण आकडे बदलत नाहीत. त्यामुळे रेक्टिफिकेशनचा अर्ज कित्येक महिने पडून आहे, रीइश्यूची विनंती अडकली आहे, अशा ठिकाणी तिचा चांगला उपयोग होतो. आधी ई-फायलिंग पोर्टलवरची ई-निवारण तक्रार करावी. नुसतं ठरावीक छापाचं उत्तर आलं तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर जावं. तिथे निवारणासाठी २१ दिवसांचं उद्दिष्ट आहे आणि उत्तर पटलं नाही तर तिथेच पुढे दादही मागता येते. तक्रारीत राग लिहू नका. करनिर्धारण वर्ष, रिटर्नचा पोच क्रमांक, अर्जाची तारीख आणि नेमकं काय हवं, एवढं पुरे.

जुन्या मागणीत रिफंड वळता होतोय

रिफंड जुन्या करमागणीत वळता करण्याची कलम २४५ ची सूचना आली असेल तर गप्प बसणं सगळ्यात वाईट. उत्तर दिलं नाही तर रक्कम वळती होते. मागणी मान्य असेल तर तसं कळवा, नसेल तर कारण आणि चलन जोडून असहमती नोंदवा. मागणी फार जुनी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली होती.

अपील कधी?

मुद्दा वादाचा असेल, म्हणजे वजावट मिळते की नाही हाच प्रश्न असेल, तर रेक्टिफिकेशन चालत नाही, अपील करावं लागतं. त्याची मुदत ३० दिवस आणि फी उत्पन्नानुसार २५० ते १,००० रुपये. रेक्टिफिकेशनचा अर्ज टाकला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. शंका असेल तर महिना संपण्याआधी सीएला दाखवा. या टप्प्यावर सल्ल्याची फी मला योग्य खर्च वाटते. रिफंडच्या टक्केवारीवर काम करणाऱ्या एजंटापासून मात्र लांब राहा. खोट्या वजावटी मिळवून देणाऱ्यांवर जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत छापे पडले. चुकीची माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्के असतो आणि तो करदात्याला भरावा लागतो.

रिटर्नच भरलं नव्हतं

निवृत्त माणसाच्या ठेवींवर बँकेने टीडीएस कापला, उत्पन्न करपात्र नव्हतं म्हणून रिटर्न भरलं नाही, आणि वर्षं उलटली. अशा घरांत हल्ली अपडेटेड रिटर्न, म्हणजे मुदती उलटल्यावर जादा कर देऊन भरायचं रिटर्न, भरायचा सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे. अपडेटेड रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही. इथे कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार तो करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत करता येतो. एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. अर्जात उशिराचं खरं कारण लिहा आणि पुरावा जोडा: आजारपणाचे कागद, हॉस्पिटलची बिलं, जोडीदाराचा मृत्यू दाखला, जे असेल ते. अर्ज मंजूर झाल्यावर त्या वर्षाचं रिटर्न भरायचं. या रिफंडवर व्याज मिळत नाही, पण मुद्दल परत येतं.