खडकावर गरवायला तंगूस की ब्रेड?

रावस-जिताडा गळानं पकडायला, म्हणजे गरवायला, रॉड आणि रील ठरलं की गाडी दोरीवर येऊन अडते: तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) की ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली दोरी)? दुकानात हल्ली ब्रेडच पुढे केली जाते, आणि ते अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही. ४००० नंबरच्या (मध्यम आकाराच्या) रीलवर ०.४० मिमीचं तंगूस जेमतेम शंभर मीटर मावतं, पीई २ जाडीची ब्रेड दोनशेच्या वर जाते. शिवाय ती ताणत नाही, त्यामुळे लांबवर रावसानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. तंगुसात तो झटका निम्मा विरून जातो.

पण मुंबईत बँडस्टँड काय, मढ काय, खडकावर कालवं (धारदार शिंपल्यांची) आलीच. ताणलेली ब्रेड कालवाच्या धारेवर घासली की संपलीच. म्हणून पुढे दीड-दोन मीटर ४० पौंडी लीडर, म्हणजे जाड एकेरी दोरीचा तुकडा, लागतो. जिताड्याच्या कल्ल्याची धारही तोच सोसतो. खरी कटकट इथेच आहे. लीडर गेला की जोडाची गाठ पुन्हा पहिल्यापासून. एफजी या बारीक जोडगाठीला ब्रेड ताणून धरून लीडरभोवती आलटून-पालटून वीसेक वेढे घ्यायचे, वर अर्ध्या गाठी मारायच्या. घरात हे सहज जमतं. भरती चढतेय, डोक्यावर बॅटरी, बोटं कोळंबीनं बुळबुळीत, अशा वेळी एखादा वेढा सैल राहतो आणि जोरात फेकलं की गाठ सरकते. डबल युनी ही दुसरी जोडगाठ लवकर होते, पण जाड असते, रॉडच्या कड्यांत अडखळते. तंगूस तुटलं तर खरवडलेला वावभर तुकडा कापायचा, गाठ ओली करून आवळायची (कोरडी आवळली तर घासून तापते नि कमजोर होते), की गरी परत पाण्यात.

पावसाळ्यात हा फरक जास्तच जाणवतो. नैर्ऋत्येचा वारा समोरून येतो, फेकलेली ब्रेड फुगते, सैल वेटोळं स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळायच्या चकरीवर) बसतं आणि पुढच्या फेकीला गुंता होऊन बाहेर येतं. बेल (रीलवरची दोरी अडवणारी तार) हँडल फिरवून न मिटता हातानं मिटली आणि दोरी एकदा ओढून ताठ केली तर हे बरंच टळतं, बंद मात्र होत नाही. उधाणाच्या गढूळ पाण्यात तळाला शिसं टाकून कोळंबीवर गरवताना तंगूसच बरं वाटतं. किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर तेव्हा कुठलीच दोरी घेऊन उतरू नये.

थंडीत चित्र बदलतं. सकाळी वारा पडलेला, पाणी निवळलेलं, हलके लूर (नकली आमिषं) लांब फेकायचे. तिथे ब्रेडला तोड नाही. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत खाडीच्या चिखलतळावरही तीच चालते.

तंगूस उन्हानं कडक होतं, स्पूलवर राहून कुरळं होतं, त्यामुळे मोसमागणिक बदलावं लागतं. पण ते स्वस्त आहे. एकच स्पूल भरायचा असेल तर माझ्या मते तंगूस भरावं, आणि लूरचा नाद लागला तर जादा स्पूलवर ब्रेड. ती भरताना खाली तंगुसाचे दहा-बारा वेढे आधी द्या. नाहीतर मोठा मासा लागल्यावर ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट असूनही अख्खी ब्रेड स्पूलवर गोल घसरत राहते.